लाँड्रीमावशीची जहरी

लाँड्रीमावशीच्या शब्दाला गल्लीत भलतीच कडक खळ होती. एखादा डाग हातात धरून, डोळे बारीक करून ती म्हणाली की "हा निघायचा नाही", की गिऱ्हाईक मुकाट्यानं त्या सदऱ्याचं पोतेरं करायला घरी न्यायचं. दुसरीकडे विचारून बघू, असं कुणाच्या मनातसुद्धा येत नसे. मावशी खोटं बोलत नाही, असं गल्लीचं ठाम मत होतं आणि मावशीचं स्वतःचंही जवळजवळ तेच होतं. जवळजवळ म्हणायचं कारण, आयुष्यात एक थाप तिनं मारली होती. एकच. पण मारली ती अशी, की पुढे तिचं तिलाच ती सावरता सावरेना.

ही थाप होती मागच्या दारच्या झुडपाबद्दल.

मावशीची लाँड्री गल्लीच्या शेवटी, समुद्राच्या अंगाला. पुढच्या खोलीत काउंटर, मधल्या खोलीत इस्त्रीची टेबलं, त्यामागे भट्टी आणि निळीच्या टाक्या. मागचं दार उघडलं की पांढरट, खारी जमीन. उधाणाचं पाणी जिथवर येऊन परत फिरायचं, बरोबर तिथं हे झुडूप पसरलं होतं. कमरेएवढं उंच, फांद्या खाली वाकलेल्या आणि फांदीफांदीला काटे. पानं अगदी बारीक, पण जाड, चिमटीत दाबली तर पाणी निघेल इतकी फुगलेली. फुलं फिक्या जांभळ्या रंगाची, वांग्याच्या फुलाची धाकटी बहीण शोभतील अशी. आणि थंडीच्या तोंडावर लागायची ती फळं! लालचुटूक, लांबट, बाहुलीच्या स्वयंपाकघरासाठी कुणी मुद्दाम टोमॅटो पिकवावेत तशी. झुडूप कुणी लावलेलं नव्हतं, त्याला कुणी कधी तांब्याभर पाणी घातलेलं नव्हतं. त्याला नावही नव्हतं. जहरी हे नाव मावशीच्या थापेनंतर पडलं.

मावशीचा सारा धंदा या झुडपावर वाळायचा. दोरीवर चादर टाकली की समुद्राचा वारा ती चिमट्यांसकट उचलून न्यायचा. एकदा लॉजची डबलबेडची चादर धक्क्यावरच्या क्रेनच्या मानेला जाऊन गुंडाळली होती आणि ती खाली उतरवायला क्रेनवाल्यानं मावशीकडून चार सदरे फुकट इस्त्री करून घेतले होते. तेव्हापासून मोठं कापड सगळं झुडपावर. काटे चादरीला असे धरून ठेवायचे की वादळानंही हात टेकावेत. फक्त काढताना एक पथ्य होतं: ओढायची नाही, उचलायची. उचलली तर काटा आपण होऊन सोडतो. ओढली तर टर्रकन फाटते. मावशीचा हात यात इतका बसला होता की तिनं उचललेल्या चादरीत काट्याचं भोक भिंगातूनही सापडलं नसतं.

पोरं मात्र ओढायची. लाल फळं दिसली की गल्लीतली सगळी टोळी झुडपावर तुटून पडायची. मातीचे हात चादरीला पुसायचे, चादर बाजूला ओढून फळं तोडायची. एकदा दवाखान्याची नवी कोरी चादर मधोमध फाटली आणि मावशीचं डोकं फिरलं. ती ओरडली नाही. थंडपणे पोरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "खा, खा. त्या बकरीनंही अशीच खाल्ली होती."

"कुठल्या बकरीनं?"

"आता कुठली म्हणून काय सांगू? मेली बिचारी."

बस्स. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून झुडपाकडे चिटपाखरू फिरकेना.

आता थापेला टेकू हवा होता. तोही अनायासे मिळाला. गल्लीत राहणारे मास्तर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, एक दिवस पँटी घेऊन आले आणि मागच्या दारातून ती जांभळी फुलं पाहून खूश झाले. "मावशी, हे वांग्याच्या कुळातलं बरं का! बटाटा, टोमॅटो, मिरची, सगळी भावंडं. धोतराही त्यातलाच." मावशीनं सगळं लक्षपूर्वक ऐकलं, वांगी-बटाटे तिथल्या तिथे गाळून टाकले आणि धोतरा तेवढा ठेवला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की मास्तर म्हणतात हे धोतऱ्याच्या घराण्यातलं आहे. मास्तरांना कुणी विचारलं की ते "हो, कूळ तेच" म्हणायचे, आणि पुढचं ऐकायला कुणी थांबायचं नाही.

बकरीही वाढत गेली. आधी ती नुसती बकरी होती. पुढे ती गाभण झाली. मग तिच्याबरोबर एक फेरीवालाही आडवा झाला. कळस झाला तो पाववालीमुळे. शेजारच्या बेकरीची ही मालकीण, तोंडानं फटकळ. तिनं एके दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ती बकरी माझ्या आजोबांचीच. "माझी आई रडायची आठवण काढून," ती डोळे पुसत म्हणाली. मावशीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं करणार काय?

आणि फळं? फळं मावशी स्वतः खायची. दुपारी चादरी काढायला गेली की लॉजच्या रुंद चादरीखाली तंबूसारखा आडोसा व्हायचा. त्यात उकिडवी बसून ती एकेक फळ तोंडात टाकायची. जराशी खारट, जराशी गोड, मधूनच तुरट. दिवसभर वाफेत आणि निळीत उभ्या असलेल्या बाईला तेवढी चैन हवीच, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. नवरा गेला तेव्हा, मुलाची परीक्षा होती तेव्हा, भट्टी फुटली तेव्हा, प्रत्येक वेळी ती त्या पांढऱ्या तंबूत जाऊन बसली होती. पुढे मुलगा धक्क्यावरच्या कचेरीत लागला, त्याचं लग्न झालं, सून घरात आली. सुनेला पहिल्याच दिवशी मागचं दार दाखवताना मावशी बजावून म्हणाली होती, "या झाडाचं एकही फळ तोंडात घालायचं नाही. जीव जातो." सुनेनं मान डोलावली होती. सून शहाणी होती, मोठ्यांचं ऐकणारी होती. गोंधळ झाला तो तिथंच.

त्या दिवशी सकाळी दोघींचं वाजलं. कारण क्षुल्लक. सुनेनं अभ्र्यांच्या घड्या वेगळ्या घातल्या, आडव्या. मावशीच्या उभ्या असत.

"आई, आडव्या घातल्या की कपाटात जास्त मावतात."

"कपाटात मावण्यासाठी नसतात अभ्रे. उशीवर चढण्यासाठी असतात."

"म्हणजे मी केलेलं काहीच चालत नाही का तुम्हाला?"

"चालतं की. पुढच्या खोलीत पावत्या फाडलेल्या चालतात."

"मग मी इथं आहे तरी कशाला?" सून म्हणाली आणि तिची इस्त्री टेबलावर जरा जोरात आदळली.

"इस्त्रीला विचार. आदळून तीच सांगेल," मावशी म्हणाली. मग दोघी गप्प. जेवतानाही गप्प. मुलगा डबा घेऊन कामावर गेलेला, त्यामुळे मध्ये पडायलाही कुणी नाही. जेवण झाल्यावर मावशी एक शब्द न बोलता उठली आणि मागच्या दारानं बाहेर गेली.

मधल्या खोलीच्या खिडकीतून सुनेला ती जाताना दिसली. थोड्या वेळानं वाऱ्याचा एक जोरदार झोत आला, लॉजच्या चादरीचं एक टोक उडालं आणि सुनेनं पाहिलं की सासूबाई जहरीच्या मुळाशी उकिडव्या बसल्या आहेत, डोळे मिटलेले आहेत आणि मूठभर लाल फळं तोंडात कोंबताहेत.

तिच्या किंकाळीनं बेकरीतली पाववाली हातातल्या पिठासकट धावत आली.

"काय झालं गं?"

"आईंनी... आईंनी जहरी खाल्ली!"

पुढचं सगळं मावशीच्या हाताबाहेर गेलं. तोंडात फळं असल्यामुळे तिला पटकन बोलता येईना आणि गिळून बोलावं तर पाववाली किंचाळली, "अगं, गिळतेय! गिळतेय!" पिठाची दोन बोटं मावशीच्या घशात गेली. मागून कुणीतरी पाठीत गुद्दे घातले. मिठाचं पाणी आलं. मावशीला हातगाडीवर, तिच्याच धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर आडवं करण्यात आलं आणि गाडी दवाखान्याकडे धावू लागली. "अहो, मला काही झालं नाही!" असं ती दोनदा म्हणाली. पण असं तर सगळेच म्हणतात, असं पाववालीचं म्हणणं पडलं. शिवाय त्या बकरीनंही शेवटपर्यंत मान ताठ ठेवली होती, हे ती रडत रडत सांगत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्यामागच्या कॉटवर निजवलं. चादर लाँड्रीतलीच होती. मावशीनं पडल्या पडल्या तिची कड तपासली. नाडी बघून झाली, डोळ्यांत उजेड टाकून झाला, जीभ बघून झाली.

"किती फळं खाल्लीत मावशी?"

मावशीच्या जिभेवर आलं होतं, रोजच्याइतकीच. ती थांबली. इथं खरं बोललं तर काय होईल, हे तिला लख्ख दिसलं. संध्याकाळच्या आत टोळी झुडपावर. ओढलेल्या चादरी, मातीचे हात. आणि त्याहून वाईट म्हणजे तो पांढरा तंबू गेला. वर मावशी थापाडी, हे गल्लीच्या तोंडी. मग तिनं सांगितलेल्या एखाद्या डागावर तरी कोण विश्वास ठेवणार?

"आठवत नाही," ती म्हणाली.

"बरं. पडून राहा. सध्या तरी सगळं ठीक दिसतंय."

मावशीनं डोळे मिटले. मनात हिशेब असा, की संध्याकाळपर्यंत इथं पडायचं, देवाची कृपा म्हणून उठायचं आणि घरी जायचं. जहरीचा धाक उलट वाढेल. वाईट काय त्यात?

पण पडदा कापडाचा होता आणि बाकावर सगळी गल्ली बसली होती.

"सकाळी भांडण झालं म्हणे," कुणीतरी म्हणालं.

"झालं ना. मी भिंतीपलीकडून ऐकलं की," पाववाली म्हणाली. "इस्त्री आपटली सुनेनं. सासूसमोर! नवीन नवीन गोड असतात, मग बघा."

"मावशीसारखी बाई. इतकी वर्षं कुणापुढे वाकली नाही. तिनं असं करावं म्हणजे काय झालं असेल घरात!"

"विचारायलाच नको."

एवढ्यात मुलगा धापा टाकत आला. कुणीतरी त्याला कामावरून बोलावून आणलं होतं. मावशी त्याचा आवाज ओळखत होती. पण हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता, दाबलेला, जाड.

"काय बोललीस तू आईला?"

फक्त सुनेच्या बांगड्या वाजल्या.

"सांग ना. काय बोललीस?"

"मी म्हणाले, मी इथं आहे तरी कशाला." तिचा आवाज इतका बारीक होता की मावशीला कान पडद्याकडे न्यावा लागला. "चूक माझीच आहे. आई बऱ्या होऊ देत. मग मी माझ्या आईकडे जाते. तुम्ही म्हणाल तर कायमची जाते."

बाकावर कुणीतरी "हं" केलं. ते "हं" मावशीला पाठीतल्या गुद्द्यांपेक्षा जास्त लागलं. त्या पोरीनं अभ्र्याची घडी आडवी घातली होती. एवढाच गुन्हा. आणि आता तिच्या नावावर आख्खी सासू जमा होत होती.

मावशी उठून बसली. पाय चपलेत घातले, केस सारखे केले आणि पडदा सारून बाहेर आली.

"कुणी कुठं जायचं नाही. मला मरायचं नव्हतं. मी ती फळं रोज खाते."

सगळे बघत राहिले.

"रोज खाते म्हणते मी! दरवर्षी, फळं असतील तोवर. ती विषारी नाहीत. मी खोटं सांगितलं होतं, पोरं चादरी फाडतात म्हणून. बकरीबिकरी काही नव्हती."

 मग पाववालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बघा!" ती म्हणाली. "बघा कशी सुनेला पाठीशी घालतेय! अशी सासू मिळायला भाग्य लागतं."

"अगं, पाठीशी कसलं? खरं सांगतेय!"

"बकरी नव्हती म्हणे! माझ्या आजोबांची बकरी! विष डोक्यात चढलंय हो हिच्या, डॉक्टरीणबाई."

मावशीनं मास्तरांकडे पाहिलं. ते कोपऱ्यात छत्री धरून उभे होते. "मास्तर, तुम्ही सांगा. वांगं म्हणाला होतात की नाही?"

"म्हणालो होतो," मास्तर म्हणाले. "वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची. आणि धोतराही. पण या झुडपाची फळं खातात की नाही, ते मला ठाऊक नाही. मला त्या वेळी कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ती बकरी खरी वाटली होती."

मावशी खरं सांगतेय आणि समोरचा एकही माणूस ते मानत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. तिनं मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा. सुनेकडे पाहिलं. ती रडत होती आणि तिच्याही नजरेत तेच होतं: आई माझ्यासाठी खोटं बोलताहेत.

"चला," मावशी म्हणाली.

"कुठं?"

"मागच्या दारी. डॉक्टरीणबाई, तुम्हीही चला. पिशवी घेऊन चला."

वरात परत निघाली. या वेळी मावशी पुढे चालत होती आणि हातगाडी मोकळी मागून येत होती, लागलीच तर असावी म्हणून. जहरीवर लॉजची चादर अजून अर्धवट लोंबत होती. मावशीनं ती उचलली, घडी करून मुलाच्या हातात दिली. मग काट्यांमधून हात घालून तिनं ओंजळभर फळं तोडली, वळली आणि सगळ्यांसमोर एकेक करून खाऊ लागली. पाववालीनं डोळ्यांवर हात घेतले, पण बोटांत फटी ठेवल्या. एकीनं धाकट्या मुलाचं तोंड पोटाशी दाबून धरलं. मावशीला खरं म्हणजे लाजच वाटत होती. इतकी वर्षं जे एकटीनं, आडोशानं खाल्लं, ते चारचौघांत, उजेडात खायचं म्हणजे काही सोपं नव्हतं. चवही लागत नव्हती.

"झालं," ती म्हणाली. "आता बसा. किती वेळ बसायचं ते डॉक्टरीणबाई सांगतील."

सगळे बसले. कुणी पायरीवर, कुणी टोपलीवर, पोरं खाली खाऱ्या जमिनीवर. डॉक्टरीणबाई मधूनमधून मनगट धरून बघत होत्या. मावशीला रिकामं बसवेना. तिनं दवाखान्याच्या चादरींची टोपली ओढली, एक टोक पाववालीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "नुसतं बघत बसण्यापेक्षा धर. मी मेले तर घड्या तरी झालेल्या असतील." पाववालीनं धरलं. मग दुसऱ्यांनीही धरलं. उन्हं उतरेपर्यंत टोपली रिकामी झाली आणि मावशी होती तशीच, उलट कुणाची घडी तिरकी पडली ते सांगत होती.

"मावशींना काही होईल असं मला तरी दिसत नाही," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "पण पोरांनो, या कुळाचा भरवसा नसतो. दुसरीकडे कुठं लाल फळ दिसलं तर तोंडात घालायचं नाही. समजलं?"

पोरांना तेवढं समजायला वेळ नव्हता. एक चिमुरडी पुढे आली. "मावशी, मग तुम्ही आणखी काय काय खोटं सांगितलंय?"

मावशीनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "काही नाही गं. एवढंच."

"हे खरं कशावरून?"

  तेव्हा सून उठली. काट्यांतून हात घालायची तिला सवय नव्हती, मनगटावर लांबलचक ओरखडा उठला. तिनं एक फळ तोडलं आणि कुणाला न विचारता खाल्लं. चेहरा वाकडा केला.

"खारट आहे," ती म्हणाली.

"मी कुठं म्हणाले, साखर आहे म्हणून?"

पाववाली उठली आणि उगीचच हात अ‍ॅप्रनला पुसत सुनेपाशी आली. "पोरी, मी मघाशी बाकावर काहीबाही बोलले गं. मनावर घेऊ नकोस. बकरीचं मात्र आमच्याकडे खरंच काहीतरी झालं होतं."

मुलगा चादर छातीशी धरून अजून तसाच उभा होता. "मीही तसं विचारायला नको होतं," तो सुनेला म्हणाला.

"नकोच होतं," सून म्हणाली. "ती चादर आत ठेवा. आणि आडवी ठेवा."

मावशीनं रिकामी टोपली उचलून आत नेली. तिला बोलायचं खूप होतं.

पुढच्या काही दिवसांत पोरांनी झुडूप पार ओरबाडलं. मग त्यांना कंटाळा आला. विष नसलेल्या फळात त्यांना फारशी गंमत वाटेना. जहरी नाव मात्र चिकटून राहिलं. मावशीनं मागच्या दारी चहाचा कप घेऊन बसायला सुरुवात केली, उघड्यावर, आणि सून इस्त्री थंड व्हायला ठेवून मधूनमधून शेजारी येऊन बसू लागली. घड्यांवरून दोघींचं वाजतंच. अभ्रे आता निम्मे उभे, निम्मे आडवे असतात.

मावशीच्या शब्दावरची इस्त्री मात्र थोडी मोडली ती मोडलीच. लॉजचा मॅनेजर पडद्यांचा गठ्ठा घेऊन आला.

"उद्या सकाळी मिळतील," मावशी म्हणाली.

मॅनेजर मिशीत हसला. "नक्की ना मावशी? की बकरीसारखं?"

मावशीचा चेहरा पडला. ती काही बोलण्याआधी मधल्या खोलीतून सुनेचा आवाज आला. "आई म्हणाल्या ना उद्या मिळतील? मग उद्या मिळतील. विश्वास नसेल तर गठ्ठा उचला आणि दुसरीकडे विचारून बघा."

मॅनेजरचं हसू मावळलं. त्यानं गठ्ठा काउंटरवर ठेवला, पावती घेतली आणि निघून गेला.

मावशी मधल्या खोलीत आली. सून अजून दाराकडे रागानं बघत होती.

"अगं," मावशी हळूच म्हणाली, "खळ संपलीय. उद्या सकाळी नाही व्हायचे ते."

"मग तुम्ही उद्या कशाला म्हणालात?"

"तोंडातून गेलं. बदलणार होते, तेवढ्यात तू भांडायला उठलीस."

सुनेनं इस्त्री बाजूला ठेवली, बाह्या वर सारल्या. "मग आता करावेच लागतील. उठा. भट्टी पेटवा, मी खळ घेऊन येते."

"माझ्यावरच गेलीस," मावशी म्हणाली आणि लाकडं सारायला वाकली.